हिल्ड्रेड कॉर्कमचं गवत

हार्टविकच्या व्हॅली टेनिस स्पर्धेचा इतिहास म्हणून जे काही छापून आलंय, ते एका पोस्टकार्डावर मावेल. सफरचंदांचा व्यापार करणाऱ्या एका इंग्रजाने १८९१ साली ती सुरू केली, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या या खोऱ्यात दर ऑगस्टला ती हिरवळीवर खेळली जायची, दोन महायुद्धांत खंड पडला, आणि १९६९ साली ती बंद झाली. खाली विजेत्यांची यादी. यादीत न्यायाधीश आहेत, कर्नल आहेत, हॅलिफॅक्सच्या बँकवाल्यांच्या मुली आहेत. हे सगळे ज्या गवतावर धावले ते गवत मात्र जणू आपोआप उगवत होतं, आपोआप कापलं जात होतं आणि त्याच्यावर पांढऱ्या रेघाही आपोआप उमटत होत्या. अशी यादी करणाऱ्यांना एकदा कुणीतरी खडसावून सांगायला हवं, की बाबांनो, आपोआप उगवतं ते शेताच्या बांधावरचं गवत. टेनिसचं गवत हिल्ड्रेड कॉर्कम उगवायची.

हिल्ड्रेड म्हणजे उंच, हडकुळी, पुरुषासारख्या रुंद पंजांची बाई. चालताना तिची नजर कायम जमिनीवर. गावात नवा आलेला माणूस हमखास विचारायचा, या बाईंचं काही हरवलंय का? हरवलं काही नव्हतं. ती चर्चच्या आवारातलं, स्टेशनाबाहेरचं, लोकांच्या दारातलं गवत बघत असायची आणि मनातल्या मनात एकेकाला नापास करत असायची. ज्याचं गवत पास झालं असा माणूस गावात नव्हताच.

ही नजर तिला वडिलांकडून मिळाली. ओबेड कॉर्कम हे स्पर्धा भरवणाऱ्या टेनिस क्लबचे गवतवाले, म्हणजे हिरवळ राखणारे. त्या काळी गवत कापायचं यंत्र घोडी ओढायची आणि तिच्या खुरांनी हिरवळीला खड्डे पडू नयेत म्हणून तिच्या चारही पायांत चामडी बूट चढवलेले असायचे. कॉर्कमांच्या दोन मुली, थोरली व्हेस्टा आणि धाकटी हिल्ड्रेड, उन्हाळाभर अनवाणी हिंडायच्या.

"आमच्या घरात आधी घोडीचे पाय, मग आमचे," व्हेस्टा साठीला टेकली तरी हे ऐकवायची, आणि ऐकवताना वडिलांवरचा राग जराही कमी झालेला नसायचा.

स्पर्धेचे ते भरभराटीचे दिवस होते. खोऱ्यातली सफरचंदं पिंपं भरभरून इंग्लंडला जात होती आणि पैसा परत येत होता. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हॅलिफॅक्सहून गाडीचे दोन डबे जास्तीचे लागायचे, खाडीपलीकडची मंडळी बोटीने यायची, सहा कोर्टांभोवती तंबू उभे राहायचे आणि अग्निशमन दलाचा बँड त्याला येणारी तीनच गाणी पाळीपाळीने वाजवायचा. हिल्ड्रेड दोरीबाहेर उभी राहून खेळ बघायची आणि स्पर्धा संपली की पिंपांच्या कारखान्याच्या भिंतीवर उरलेलं वर्षभर त्याची नक्कल करायची. रॅकेट कुणीतरी रागाने आपटून टाकून दिलेली, ओबेडनी तार गुंडाळून सांधलेली. अठराव्या वर्षी, म्हणजे १९३४ साली, तिने नाव घातलं. दोन फेऱ्या जिंकली, तिसरीत हरली, आणि हरून बाहेर आली ती हसत, कारण पुढच्या वर्षी आपण काय करणार हे तिला आत्ताच दिसत होतं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ओबेडची पाठ धरली ती कायमची. रोलर ओढणं तर सोडाच, त्यांना बुटाची नाडी बांधता येईना. घरात दुसरा पगार नव्हता. हिल्ड्रेडने कुणाला न विचारता घोडीला बूट घातले आणि कामाला लागली. कमिटीला काम पसंत पडलं. तेव्हाचे अध्यक्ष थोरले डॉक्टर लाँगली स्वतः घरी आले, पाठ तपासून गेले, आणि जाता जाता म्हणाले, "जागा तुझीच, पोरी. फक्त एक आहे. क्लबचा पगार घेणारा माणूस हौशी राहत नाही. स्पर्धा हौशी लोकांची. तेव्हा खेळता येणार नाही, एवढं लक्षात ठेव."

तिने लक्षात ठेवलं. ती रडली का? रडली. तबेल्यात, घोडीच्या मानेत तोंड खुपसून. मग तोंड धुतलं आणि चुना कालवायला गेली, कारण दुसऱ्या दिवशी रेघा आखायच्या होत्या.

तशी चौतीस वर्षं गेली. पण ती काही झुरत बसली नाही. झुरायला तिला वेळच नव्हता आणि तो तिचा स्वभावही नव्हता. शिवाय थिओ होता.

थिओ सोनिये हा पोस्टमन. फ्रेंच बोलणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावातला, १९३८ साली बदली होऊन हार्टविकला आला आणि परत गेलाच नाही. बुटका, वाटोळा, तोंडाची टकळी अखंड सुरू. कमिटीचा असा दंडक होता की रोज सकाळी चेंडू नीट उसळतो की नाही हे गवतवाल्याने दोन-चार चेंडू मारून बघावं. एकट्याने बघता येत नाही, नेटच्या पलीकडे कुणीतरी लागतं. टपालगाडी साडेसहाला यायची. तर पाचला उजाडल्यापासून साडेसहापर्यंत हिल्ड्रेड आणि थिओ चेंडूची उसळी तपासायचे. एकतीस वर्षं, पाऊस नसेल तर रोज, दीड-दीड तास. कधी सहा-चारने तपासायचे, कधी सात-पाचने. कमिटीला हे ठाऊक होतं, पण इतक्या बारकाईने काम करणाऱ्या माणसाला बोलणार काय?

"तू एकदा तरी मला जिंकू दे," थिओ धापा टाकत म्हणायचा. "माझं टपालखात्यात नाव खराब होतंय."

"तू एकदा तरी मागच्या रेघेपर्यंत धाव," ती म्हणायची.

आणि कोर्टावर तिची सत्ता होती. अध्यक्षाची नाही, अंपायरची नाही, तिची. गवत खेळण्याजोगं आहे की नाही हे गवतवाला ठरवणार, हा पहिल्या वर्षापासूनचा रिवाज. सकाळी आठला ती अनवाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची. टाचेचा ठसा उमटला तर बंद. मधेच पाऊस आला, धुकं उतरलं, तर ती हात वर करून ओरडायची, "कोर्ट बंद! सगळे बाहेर!" की जो तो रॅकेट खाली करून मुकाट्याने बाहेर. ओल्या गवतावर बूट घसरले की मुळासकट गवत उचकटतं आणि ती जखम भरायला दोन उन्हाळे लागतात. एकदा हॅलिफॅक्सहून एक मंत्री खास अंतिम सामना बघायला आले होते, त्यांना तिने तीन तास चहाच्या तंबूत बसवून ठेवलं. तंबू व्हेस्टाचा. मंत्र्यांनी चार ताटल्या हॉजपॉज खाल्लं. कोवळे बटाटे, मटार, फरसबी आणि गाजरं सायीत शिजवलेली, ऑगस्टमध्ये व्हेस्टाच्या हातचं हे खाल्लं की माणूस टेनिस विसरतो. मंत्रीही विसरले आणि सामना न बघताच गेले.

मग काळ फिरला. युद्धानंतर इंग्लंडने सफरचंदं घेणं बंद केलं. बागा उपटल्या गेल्या, गाडीचे जास्तीचे डबे गेले, मग गाडीच गेली. शहरांत डांबरी कोर्टं झाली, त्यांना ना पाणी लागतं ना हिल्ड्रेड. सहा कोर्टांची तीन झाली, तिनाचं एक. १९६९ च्या वसंतात बातमी आली की शाळा मंडळाने क्लबची जमीन घेतली, तिथे शाळेच्या बसगाड्या वळवायला डांबरी मैदान होणार. ऑगस्टची स्पर्धा शेवटची. शनिवारी अंतिम सामना, सोमवारी बुलडोझर.

गावाला वाईट वाटलं, पण ते आठवडाभर. हिल्ड्रेड मात्र रोलर ओढताना आता जरा जास्त वेळ घ्यायची.

जुलैच्या मध्यावर पत्र आलं. आणलं अर्थात थिओनेच, आणि पत्रावर क्लबचा शिक्का बघून तो कॉफीच्या निमित्ताने स्वयंपाकघरात रेंगाळला. व्हेस्टाने ते फोडून मोठ्याने वाचलं. सही होती आताच्या अध्यक्षांची, धाकट्या डॉक्टर लाँगलींची. धाकटे म्हणजे सहासष्ट वर्षांचे. जमीन एक तारखेपासून शाळा मंडळाच्या ताब्यात जात असल्याने आपली पगारी नोकरी एकतीस जुलैला संपत आहे, तरी क्लबच्या जुन्या स्नेही या नात्याने स्पर्धा संपेपर्यंत आपण हिरवळीची काळजी विनामोबदला घ्याल अशी खात्री वाटते, वगैरे.

"खात्री वाटते!" व्हेस्टाने पत्र टेबलावर आपटलं. "खात्री वाटते म्हणे! चौतीस वर्षं राबवून घेतलं आणि शेवटचे पंधरा दिवस फुकट? हिल्ड, तू त्या गवताला हात जरी लावलास ना, तर मी माझा तंबू गुंडाळून ठेवीन. पिऊ देत मेल्यांना पावसाचं पाणी."

हिल्ड्रेडने पत्र उचललं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग खुर्चीची पाठ धरून.

"हसतेस काय? डोक्यावर परिणाम झाला का तुझ्या?"

"व्हेस्टा, पगार बंद झाला."

"अगं तेच तर मघापासून बोंबलतेय मी!"

"पगार बंद, म्हणजे आता मी कोण?"

"बिनडोक. आणखी कोण?"

"हौशी," हिल्ड्रेड डोळे पुसत म्हणाली. "एक ऑगस्टपासून मी हौशी आहे."

थिओने कप खाली ठेवला, टोपी काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "मिश्र दुहेरीला जोडीदार मिळालाय का?"

"शोधतेय."

"म्हातारा फ्रेंच चालेल?"

"धावणारा असेल तर."

"धावायचं तू बघ. मी दिसायला बरा आहे."

"देवा रे," व्हेस्टा म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "एकीची पन्नाशी उलटलीय, एकाला पोट आवरत नाही. घाला नावं, घाला. तंबू उघडा ठेवते मी."

एक ऑगस्टला सकाळी हिल्ड्रेड भरलेला फॉर्म घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. फक्त नियम म्हटला की त्यांचं बाकीचं डोकं काम करायचं नाही. आदल्याच वर्षी जगभरात मोठमोठ्या स्पर्धांनी हौशी आणि पगारी हा भेद मोडीत काढला होता, पण ती बातमी अजून हार्टविकच्या कमिटीपर्यंत चालत येत होती. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हिल्ड्रेड, तुम्हाला नियम ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, डॉक्टर. पगार घेणाऱ्याला खेळता येत नाही. मला पगार नाही. पत्र तुमचंच आहे."

डॉक्टरांनी खणातून नियमांची पुस्तिका काढली. बाहेर बाकावर दोन खोकले आणि एक मुरगळलेला पाय वाट बघत होते, त्यांनीही कान टवकारले. डॉक्टर बोट फिरवत फिरवत नवव्या कलमाशी आले आणि थांबले. नोकरी सोडलेला माणूस सोडल्या दिवसापासून पुन्हा हौशी धरला जाईल, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

"हे बाबांनी घातलंय," ते हळूच म्हणाले. "माझ्या आतेभावासाठी. तो एक उन्हाळा मॉन्ट्रियलला पैसे घेऊन शिकवत होता, आणि आत्याला तो इथे खेळायला हवा होता."

"मग खेळला का?"

"खेळला. पहिल्याच फेरीत हरला." डॉक्टरांनी शिक्का उचलला, जरा घुटमळले, आणि फॉर्मवर मारला. मग वर बघून म्हणाले, "त्या पत्राबद्दल... पैसे खरंच उरले नव्हते हो."

"मी आभार मानायला आले होते," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्या वर्षी मिश्र दुहेरीला अकराच जोड्या होत्या. बुधवारी पहाटे चारला उठून हिल्ड्रेडने गवत कापलं, रोलर फिरवला, रेघा आखल्या, आठला अनवाणी चालून कोर्ट उघडलं, आणि दहाला पांढरे कपडे घालून त्याच कोर्टावर उतरली. व्हेस्टाने तिचा स्कर्ट चर्चच्या जुन्या पडद्याचा शिवला होता. हिल्ड्रेड दोरी ओलांडून आत आली. तिला इतका आनंद झाला होता की पहिले चारही चेंडू तिने नेटमध्ये घातले.

पण खरी अडचण वेगळीच होती. ती धावतच नव्हती. धावायची, पण थांबायची वेळ आली की पाय अलगद टाकायची, गवताला लागू नये म्हणून. लांबचा चेंडू आला की बघत राहायची. पहिला सेट सहा-एकने गेला.

"हिल्ड," थिओ घाम पुसत म्हणाला, "गवत सांभाळून खेळायचं असेल तर आपण बुद्धिबळ खेळू या."

"अरे, त्या कोपऱ्यातलं मूळ कोवळं आहे."

"मी पण कोवळा आहे. मला का एकट्याला पळवतेस?"

ती हसली आणि मग जरा सैल झाली. एकतीस वर्षं एकमेकांचे चेंडू तपासलेले दोन म्हातारे कुठे उभे राहतात आणि कुठे मारतात, हे ते न बघता ओळखत होते. तो सामना जिंकला. गुरुवारचा जिंकला. शुक्रवारी उपांत्य सामन्याला दोरीभोवती अशी माणसं होती जी दहा वर्षांत क्लबाकडे फिरकली नव्हती. पिंपांच्या कारखान्याचे जुने लोक आले, थिओच्या गावाहून अख्खी एक बसभर सोनिये मंडळी आली आणि फ्रेंचमध्ये इतकी ओरडली की अंपायरला दोनदा शांत बसा म्हणावं लागलं. तोही सामना जिंकला.

शनिवारी अंतिम सामना. समोर स्वतः डॉक्टर लाँगली आणि त्यांच्या पत्नी एनिडबाई, सहा वेळचे विजेते. एनिडबाई नेटपाशी उभ्या राहिल्या की भिंत. आणि डॉक्टरांचा कापलेला चेंडू गवताला चाटून पुढे सरपटायचा. एक सेट यांचा, एक त्यांचा. तिसऱ्यात हिल्ड्रेड आणि थिओ पाच-चारने पुढे, सर्व्हिस हिल्ड्रेडची, चाळीस-तीस. आणखी एक पॉइंट, की झालं.

उत्तरेच्या डोंगरावरून धुकं अर्ध्या तासापूर्वीच उतरायला लागलं होतं. फंडीच्या खाडीचं धुकं ते, आलं की मुक्कामाला येतं. हिल्ड्रेडला ते दिसलं नाही असं नाही, तिने बघायचं टाळलं. तिने सर्व्हिस केली, एनिडबाईंनी परतवली, थिओने चेंडू कोपऱ्यात मारला, आणि डॉक्टर त्याच्यामागे धावले. ओल्या गवतावर त्यांचा पाय सर्रकन घसरला. ते पडले नाहीत, सावरले आणि चेंडू वर उडवलाही, पण त्यांच्या बुटाखाली वीतभर हिरवळ मुळासकट उचकटली आणि खालची लाल माती दिसली.

चेंडू हवेत होता. सोपा, हिल्ड्रेडच्या डोक्यावर येणारा, शेंबड्या पोरानेही मारून संपवावा असा. हिल्ड्रेडने हात वर केला तो मारायला नाही.

"कोर्ट बंद! सगळे बाहेर!"

चेंडू तिच्यामागे टप्पा पडून गडगडत गेला. डॉक्टरांनी रॅकेट खाली केली आणि निमूट चालू लागले. एनिडबाई निघाल्या. अंपायर खुर्चीवरून उतरला. लोकांनी खुर्च्या मिटायला घेतल्या. चौतीस वर्षांची सवय ती, एकानेही क्षणभर विचार केला नाही. हिल्ड्रेड धावत त्या जखमेपाशी गेली, गुडघे टेकले, उचकटलेला तुकडा परत बसवला आणि तळव्याने दाबू लागली.

"हिल्ड," थिओ तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. "काय करतेस?"

"दिसत नाही? आत्ता दाबलं तर मूळ धरेल. दोन आठवडे पाणी घातलं तर..."

"हिल्ड. सोमवारी इथे बुलडोझर येतोय."

तिचा हात थांबला. दोरीपाशी पोचलेले डॉक्टर थांबले. खुर्च्या मिटणारे खुर्च्या हातात धरून उभे राहिले. मग तंबूतून व्हेस्टाचा आवाज आला, "अगं बये, जिंकत होतीस ना गं!" आणि अख्खं मैदान हसायला लागलं. एनिडबाईंना हसताना उचकी लागली. हिल्ड्रेड गुडघ्यांवर बसूनच हसली, पण तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवलेही नाहीत.

हसणं ओसरलं तशी अडचण सगळ्यांच्या लक्षात आली. धुकं आज हटणार नव्हतं. उद्या रविवार, आणि रविवारी हार्टविकमध्ये कुणी चेंडूला हात लावत नाही. परवा बुलडोझर.

"हा पॉइंट पुन्हा खेळावा लागेल," अंपायर म्हणाला. "पण कधी?"

"बंद केलेलं कोर्ट गवतवालीच उघडू शकते," डॉक्टर म्हणाले. पहिल्यांदाच ते नियम सांगताना दुसऱ्याची बाजू घेतल्यासारखे बोलत होते. "बाबांनाही तो अधिकार नव्हता. मलाही नाही. हिल्ड्रेड, तुम्ही सांगा."

ती उठली. समोर सगळं कोर्ट पसरलं होतं, सारखं, दाट, कुठे एक पान वर नाही. हे बी तिच्या वडिलांनी पेरलं होतं. यातली एकही जागा अशी नव्हती जिथे तिने गुडघे टेकले नव्हते. या ओल्यात खेळलं तर दहा मिनिटांत त्याचा चिखल होणार, तिच्याच बुटांनी. नाही खेळलं तर सोमवारपर्यंत ते असंच राहणार, सुंदर, आणि त्याच्यावरून परत कुणीही धावणार नाही. तिला एकदम कळलं, की आपण हे गवत इतकी वर्षं खेळासाठी राखलं आणि आता खेळापासून राखतोय.

तिने दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि पूर्वी भर धुक्यात कधीच म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "कोर्ट उघडं आहे!"

तो पॉइंट ती हरली. गेमही गेला. पाच-पाच. ती पहिल्यांदाच जीव तोडून धावत होती, थांबायला घसरत होती, आणि घसरल्यावर मागे राहिलेल्या लाल पट्ट्याकडे वळून बघत नव्हती. थिओ दोनदा आपटला. एनिडबाई घसरून बसल्या, बसल्या बसल्याच त्यांनी एक चेंडू परतवला आणि लोकांनी टोप्या उडवल्या. सहा-सहा, सात-सात. मग हिल्ड्रेड आणि थिओ आठ-सातने पुढे. चौघांचेही पांढरे कपडे ओळखू येईनासे झाले. धुक्यात दोरीपलीकडची माणसं दिसत नव्हती, त्यांचं ओरडणं तेवढं येत होतं.

आणि मग हिल्ड्रेडला वाकडी बुद्धी सुचली. डॉक्टरांच्या बाजूच्या अर्ध्या कोर्टात, डावीकडच्या रेघेच्या अलीकडे, जमिनीखाली पाण्याचा जुना नळ होता. त्याच्यावरची माती दर वसंतात बोटभर खचायची आणि ती दर वसंतात भर घालून, रोलर फिरवून ती सपाट करायची, इतकी की कधी कुणाला पत्ता लागला नाही. पण ओल मात्र तिथे पहिली धरायची. तिने चेंडू वर घेतला, हलक्या हाताने कापला आणि बरोबर तिथे टाकला. चेंडू पडला आणि पडूनच राहिला. उसळलाच नाही. डॉक्टर रॅकेट मागे नेऊन, गुडघे वाकवून, त्याच्या वर येण्याची वाट बघत उभे राहिले.

"आता येईल, मग येईल," थिओ म्हणाला.

आणखी दोन चेंडू तिने तिथेच टाकले. नऊ-सात. सामना संपला.

"ही चोरी आहे!" डॉक्टर नेटपाशी येऊन ओरडले. हसताना त्यांच्या मिशांतून चिखल गळत होता. "चौतीस वर्षं तो खड्डा तुम्ही आमच्यापासून लपवलात?"

"तक्रार करायची होतीत, डॉक्टर. बुजवला असता मी."

डॉक्टरांनी तिचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "तुमच्याशी खेळायला फार उशीर केला आम्ही," ते म्हणाले. तिला तेव्हा कुणाचाही राग येणं शक्य नव्हतं.

लोक दोरीपलीकडे उभेच होते. आत पाऊल टाकायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं. हिल्ड्रेडने दोरीची खुंटी उपटली.

"या की आत! बघताय काय?"

मग जे आत आले ते सगळं गाव होतं. बूटवाले, टाचवाल्या, बाबागाडीवाले, कुत्री. सोनिये मंडळींनी बाजा काढला. व्हेस्टा हॉजपॉजचं पातेलं घेऊन थेट मधल्या रेघेवर आली आणि तिथे बसून वाढायला लागली. थोड्या वेळाने थिओने तिला नाचायला उठवलं, आणि "सोड मेल्या, पातेलं लवंडेल," म्हणत ती नाचली. हिल्ड्रेड नाचत नव्हती. ती आडवी झाली होती, भर कोर्टात, पाठीवर, हातपाय पसरून. गवत तिने आजवर पायाने, हाताने, गुडघ्याने पाहिलं होतं. पाठीने पहिल्यांदाच बघत होती. तिला ते फार आवडलं.

सोमवारी सकाळी सातला बुलडोझर आला. चालवणारा परगावचा, तरणा गडी. त्याने यंत्र फाटकात थांबवलं, खाली उतरला आणि आत बघून डोकं खाजवलं. सगळी जमीन उचकटलेली, लाल मातीचे पट्टेच्या पट्टे, मधे कुठे कुठे हिरवी ठिगळं, शेकडो पावलं, कुत्र्यांचे पंजे. फाटकाशी एक उंच, हडकुळी बाई हात पाठीमागे बांधून उभी होती.

"काय हो बाई," त्याने विचारलं, "मला तर सांगितलं होतं इथे मखमलीसारखं गवत आहे म्हणून. त्याचं हे असं कुणी केलं?"

"आम्ही," हिल्ड्रेड म्हणाली. "आम्ही खेळलो."